एक्केचाळीस जणांचा रविवार

ठाण्याच्या ज्या सरकारी आरोग्य कार्यालयात मी कामाला आहे, तिथं माझं काम आलेले तक्ते एकत्र करण्याचं. तालुक्यांकडून, महापालिकांकडून माहिती येते. मी ती एका मोठ्या तक्त्यात भरतो, साहेबांची सही घेतो आणि वर पाठवतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून या खुर्चीबद्दल मला अजूनही मनापासून कृतज्ञता वाटते. माझ्या वडिलांचं आयुष्य कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात सल्फरच्या वासात गेलं आणि कारखाना बंद पडल्यावर त्या वासाशिवाय त्यांना झोप येईना. मी पंख्याखाली बसतो. तक्रार करण्यासारखं काही नाही.

काही महिन्यांपूर्वी रक्ताच्या कर्करोगावर एक पत्र आलं. देशपातळीवर धोरण ठरत होतं, त्याचा मसुदा सोबत होता आणि खालून सूचना मागवल्या होत्या. मी तो मसुदा सगळा वाचला. इतरांनी वाचला असेल असं वाटत नाही. चांगला होता. रोगाची शंका गावच्या दवाखान्यातच यावी, केमोसाठी माणसाला मुंबई गाठायला लागू नये, ती जिल्ह्यातच मिळावी, उपचारानंतर किती जण जगले याची नीट नोंद राहावी, असं सगळं त्यात होतं. वाचताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

सोबतच्या तक्त्यात एक रकाना होता : रक्त व रक्तघटकांची उपलब्धता. त्यात जवळजवळ प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर आलं होतं. ‘पुरेशी. शिबिरे नियमित होतात.’

मी तो शब्द एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरवत होतो आणि मध्येच थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “काय झालं? आकडे जुळत नाहीत का?”

“जुळतायत,” मी म्हणालो.

“मग असा काय बसलायस, भूत बघितल्यासारखा?”

त्या सहज बोलल्या. पण मला खरंच आमची ताई दिसली होती.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. मोहन्यात आमच्या चाळीच्या टोकाला अंगणवाडी होती, तिथली ती सेविका. सगळी वस्ती तिला ताईच म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. माझ्या हातात पहिली पेन्सिल तिनं दिली, हे मला आठवत नाही, आई सांगते. मला आठवतं ते पुढचं. दहावीनंतर वडील म्हणाले होते की याला कुठंतरी चिकटवू. तेव्हा ताई आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “काका, चिकटवायला तो काय पोस्टाचं तिकीट आहे का? कॉलेजात घालू.” आणि कल्याणच्या कॉलेजात अर्ज भरायला तीच माझ्याबरोबर आली, अंगणवाडीची हजेरी उरकून, त्याच साडीत. पदवी मिळाली त्या दिवसापासून ती मला ‘साहेब’ म्हणायची. त्यात कौतुक होतं, टोमणाही होता. “या, साहेब. आज चहा घेणार की उपदेश करणार?”

ताईचे यजमान कल्याणला रिक्षा चालवत. मी त्यांना भाऊजी म्हणतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. ताईला कुणी त्यावरून काही बोललं की ती अंगणवाडीच्या पटाचं रजिस्टर दाखवायची. “तीस आहेत. आणखी किती पाहिजेत?”

तिला चाळिशीच्या आसपास थकवा यायला लागला. हिरड्यांतून रक्त यायचं. दंडावर निळे डाग उठायचे. ती आम्हाला सांगायची की पोरं ओढतात, लागतं. तिच्याकडे बायकांना वाटायच्या लोहाच्या गोळ्या असत. त्याच ती घ्यायला लागली. मग ताप आला. पावसाळा होता. वस्तीतल्या डॉक्टरांनी डेंग्यू म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून गोळ्या दिल्या. दोघांवरही माझा राग नाही, कारण त्या महिन्यात त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तापाचाच होता. यात तीन आठवडे गेले. शेवटी रक्ताचा रिपोर्ट हातात आला तेव्हा लॅबवाला मुलगा म्हणाला, “हे इथं कल्याणात नाही होणार. तुम्ही सरळ मुंबईला न्या.”

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला दाखल केलं तो गुरुवार होता. तिथला शिकाऊ डॉक्टर माझ्याच वयाचा. डोळे तांबडे, पण बोलायला नीट. त्यानं भाऊजींना आणि मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की हा रक्ताचा कर्करोग आहे, जोरात वाढणारा आहे, पण उपचार आहे आणि यातून माणसं उठतात. सोमवारी केमो सुरू करू. नंतर म्हणाला, “रक्त लागेल. प्लेटलेट भरपूर लागतील. डोनरची तयारी ठेवा.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. “प्लेटलेट म्हणजे?”

“रक्त गोठवणाऱ्या पेशी, भाऊजी. त्या कमी झाल्या की रक्त थांबत नाही.” हे मी लगेच सांगितलं. मला माहीत होतं. बारावीला होतं ते.

मला माहीत नव्हतं ते वेगळंच होतं.

आमच्या वस्तीचा एक स्वभाव आहे. कुणाच्या घरी काही झालं की सगळे एकदम उठतात. मयत असो, लग्न असो, कारखान्याच्या गेटवर बसायचं असो, एकही जण मागे राहत नाही. ‘तुम्ही आज जा, मी उद्या येतो’ असं कुणी म्हटलं, तर त्यानं अंग चोरलं असं धरतात आणि ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मी तिथंच वाढलो. ताईला रक्त लागणार आहे, हे मी शुक्रवारी नळावर सांगितलं. शनिवारी रात्रीपर्यंत माझ्या कागदावर पन्नासाहून जास्त नावं होती. गटासकट. मी रकाने आखले होते : नाव, वय, वजन, गट, फोन. इतका सुबक तक्ता मी कॉलेजातही केला नव्हता.

रविवारी सकाळी दोन टेम्पो आणि एक शाळेची बस निघाली. बसचा चालक स्वतः ताईच्या हाताखालून गेलेला, त्यानं मालकाला न विचारताच गाडी काढली होती. रक्त द्यायच्या आधी खायला लागतं म्हणून माजिवड्याला पुलाखाली गाड्या थांबवून सगळ्यांनी वडापाव खाल्ला. कुणीतरी म्हणालं, “ताईचं रक्त आता तिखट होणार.” खूप हसलो. मला आठवतंय, त्या पुलाखाली उभा राहून मी त्या माणसांकडे बघितलं आणि मला वाटलं की ताई वाचली.

रक्तपेढीत ड्युटीवर एक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेला. दारातली गर्दी बघून त्या बाहेर आल्या.

“हे सगळे एकाच पेशंटचे?”

“हो, मॅडम.”

“केमो कधी?”

“उद्यापासून.”

“मग आज चार-पाच जण द्या. बाकीच्यांना परत न्या. दोन आठवड्यांनी खरी गरज पडेल, तेव्हा रोज थोडे थोडे आणा.”

माझ्या मागे माणसं उभी होती. त्यातले कितीतरी कंत्राटावर काम करणारे, ज्यांना रविवारशिवाय सुट्टी नाही. माझ्या कानामागून कुणीतरी म्हणालं, “टाळतायत बघ. रविवार आहे ना.” मलाही तेच वाटलं. सरकारी खिडकीवर आम्हाला आयुष्यभर ‘नंतर या’ हेच ऐकायला मिळालं होतं. रेशन, दाखला, वडिलांची ग्रॅच्युइटी, सगळीकडे नंतर या. आणि पदवी घेतल्यावर मी एक गोष्ट शिकलो होतो, की शांत आवाजात अमुक एक वाक्य बोललं की खिडकीच्या पलीकडचा माणूस वरमतो. ते वाक्य मी बोललो.

“मॅडम, घेता येत नसेल तर तसं लेखी द्या.”

मागून कुणीतरी “बरोबर” म्हणालं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. “अहो, प्लेटलेटची पिशवी पाच दिवस टिकते,” त्या म्हणाल्या. “पाचच. आणि आज ज्यानं दिलं, त्याचं तीन महिने रक्त घेता येत नाही. नुसत्या प्लेटलेट घ्यायच्या म्हटल्या तरी महिनाभर नाही. कळतंय का मी काय सांगते?”

कळलं होतं. इथं मी खोटं लिहिणार नाही. शब्द मला कळले होते. पण बस, दोन टेम्पो, माजिवड्याचा वडापाव आणि माझा आखलेला कागद यांच्यासमोर मी मागे वळून ‘घरी जा’ म्हणू शकत नव्हतो. मी म्हणालो, “आमच्याकडे माणसांची कमी नाही, मॅडम. लागले तर आणखी आणू.”

त्यांनी खांदे उडवले आणि आतून आणखी एका माणसाला बोलावलं. “घे रे. वाया तर काही जाणार नाही, दुसऱ्या पेशंटना लागेल.”

काहीजण गळले, कुणाचं हिमोग्लोबिन कमी, कुणाचा रक्तदाब जास्त. माझी आई वजनात बसली नाही, तर ती काट्यावर दोनदा चढली, दुसऱ्यांदा पिशवी हातात घेऊन, आणि पकडली गेली. सगळ्यात आधी भाऊजी आडवे झाले. मी शेवटी. एकूण एक्केचाळीस.

वॉर्डाच्या खिडकीतून खालचं आवार दिसत असे. भाऊजींनी ताईला धरून खिडकीशी उभं केलं होतं. आम्ही सगळ्यांनी खालून हात हलवले, कोपराला कापूस लावलेले हात. नंतर मी वर गेलो तर ती हसत होती.

“किती आले रे, साहेब?”

“एक्केचाळीस.”

“एक्केचाळीस! पटावर तर तीसच असतात.” मग जरा थांबून, “तो वरच्या चाळीतला पण आलेला? ज्यानं माझी खिचडीची कढई पळवलेली?”

“तो पण.”

“मग झालं. कढई सोडली त्याला.”

केमो सुरू झाली. पहिला आठवडा बरा गेला. आमच्या पिशव्यांतल्या काही तिला लागल्या, बाकीच्या दुसऱ्यांना. दुसऱ्या आठवड्यात रक्तपेशींचे काउंट उतरायला लागले. डॉक्टरनं सांगितलंच होतं की हे होणार, औषध रोगाबरोबर चांगल्या पेशीही मारतं, नव्या उगवेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं असतं. हाच खरा उपचार, तो म्हणाला. धरून ठेवणं. अकराव्या दिवशी त्यानं चिठ्ठी दिली. आजपासून रोज प्लेटलेट लागतील, डोनर बोलवा.

मी खिशातून कागद काढला आणि पहिल्या नावाला फोन लावला.

“अरे मी दिलेलं ना त्या रविवारी.”

दुसऱ्याला लावला. “येऊ का? येतो मी. पण घेतील का परत?”

तिसऱ्याला लावताना माझ्या लक्षात आलं. कुठल्याही मोठ्या गोष्टीसारखं नाही आलं, म्हणजे पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. मी फक्त कागदावरून बोट खाली नेत गेलो. गळलेले सोडले तर प्रत्येक नावापुढे मी बरोबरची खूण केली होती. हिरव्या पेनानं.

तरी माणसं आली. लाजत आली. बसचा चालक आला आणि त्यानं फॉर्मवर ‘यापूर्वी रक्त दिले नाही’ असं लिहिलं. रक्तपेढीतल्या त्याच बाई होत्या. त्यांनी त्याच्या कोपराची आतली बाजू बघितली, मग रजिस्टर उघडलं आणि ते माझ्या बाजूला वळवलं. त्या रविवारचं पान. एक्केचाळीस ओळी. त्यांनी मला ‘सांगितलं नव्हतं का’ असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी निदान भांडलो असतो. त्यांनी आपल्या साठ्यातल्या दोन पिशव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी एक. मग सण लागून आले, शिबिरं थांबली, आणि त्यांच्याकडेही काही उरलं नाही.

जे गळले होते, त्यांना मी पुन्हा धरलं. हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत वाढत नाही. मी कॉलेजच्या मित्रांना फोन केले. टेंभी नाक्यावर दहीहंडीचा सराव करणाऱ्या एका पथकासमोर जाऊन उभा राहिलो, एकाही माणसाला ओळखत नसताना. त्यांचा प्रशिक्षक म्हणाला, “थरावरची पोरं नाही देणार, भाऊ, चक्कर आली तर? खालची घेऊन जा.” तिघे आले. एकाच्या दंडावर ताजं गोंदण निघालं म्हणून तो बाद, एकाची शीर प्लेटलेट काढायच्या मशीनला चालेना. तिसऱ्याच्या घेतल्या. त्या एका माणसाचं मी नावही विचारलं नाही, आणि आज रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही.

ताईच्या अंगावर लाल ठिपके उठले होते. तिला ब्रश करायला मनाई होती, खोकायलाही जपून. तरी ती रोज विचारायची, “आज कोण येणार आहे?”

“येतायत, ताई.”

“कोण पण?”

“येतायत. गाडीत आहेत.”

तिला सगळे माहीत होते, तिनं नावं मागितली असती तर मला सांगता आलं नसतं. तिनं मागितली नाहीत. एकदा म्हणाली, “सारखं त्यांना हाकारू नकोस. कामं असतात लोकांना.” ती त्यांच्यावर रुसलेली नव्हती. पण तिला वाटत होतं की लोक एकदा येऊन गेले आणि आता त्यांना वेळ नाही. मला हे तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं असतं. ‘ताई, ते यायला तयार आहेत, मीच त्यांना एका दिवसात संपवून टाकलंय,’ एवढंच बोलायचं होतं. मी मोसंबं सोलत राहिलो.

सतराव्या दिवशी तिला डोकं दुखायला लागलं. अठराव्या दिवशी, भर दुपारी, जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज येत असताना, ती गेली. मेंदूत रक्तस्राव, असं कागदावर लिहिलं होतं. तिच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये रोगाच्या पेशी बऱ्याच कमी झाल्या होत्या, हेही त्याच शिकाऊ डॉक्टरनं मला सांगितलं. चांगल्या हेतूनं सांगितलं असणार. ‘औषध लागू पडत होतं.’ तेव्हापासून हे वाक्य माझ्यासोबत राहायला आलंय.

मयतीला सगळी वस्ती एकदम उठली.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे, ती कुणाला सांगण्यासारखी नाही. माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला जाते. लग्नाच्या हॉलमध्ये बसलो की मी पंगतीला वार लावतो. या टोकाचे चौघे सोमवारचे, ते निळ्या शर्टवाले मंगळवारचे, त्या मावशी वजनात बसतील का. रक्तदान शिबिराचा भोंगा लागला, की आमचा उच्चांक इतका, त्यांचा तितका, तर मी दुसऱ्या गल्लीनं जातो. आणि जाग येताना, पूर्ण जाग यायच्या आधी, अजूनही माझ्या तोंडात ‘येतायत’ हा शब्द असतो.

या सगळ्याहून अवघड होतं ते भाऊजींचं. ते मला धन्यवाद देत. प्रत्येक वेळी. रिक्षा स्टँडवर भेटलो की दुसऱ्या चालकांना सांगत, “हा आमचा पोरगा. हिच्या वेळी एका हाकेत एक्केचाळीस माणसं उभी केली यानं. कलेक्टरला नसतं जमलं.” मी मान खाली घालायचो आणि ते त्याला नम्रपणा समजायचे. मला वाटायचं, हा एकच आधार आहे त्यांच्याकडे, की करण्यासारखं सगळं केलं. तो मी का काढून घ्यावा? बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. त्यात माझी सोय किती आणि त्यांची काळजी किती, हे मी कधी वेगळं करून बघितलं नाही.

तो तक्ता भरताना थांबलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ‘पुरेशी’ हा शब्द तसाच ठेवून साहेबांकडे गेलो. म्हणालो, “या रकान्यात आपल्याकडून एक टिपण जोडावं असं वाटतं.” मी रात्री लिहून आणलेलं पान त्यांना दिलं. कर्करोगाच्या रुग्णाला रक्तदाते एकदम नकोत, पाळीनं लागतात. रुग्ण दाखल होताना त्याच्या नातेवाईकांसोबत बसून कुणीतरी वारांची यादी करून द्यावी. नुसतं तोंडी सांगू नये, छापील कागद द्यावा, सोप्या मराठीत, आणि तो कागद देणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असावं. खाली मी ताईची हकीकत लिहिली होती, नाव न घालता.

साहेब भला माणूस आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे सगळं तू बघितलंयस?”

“हो.”

“‘नातेवाईकाने ऐकले नाही’ असं लिहिलंयस. हा नातेवाईक कोण?”

“मी.”

त्यांनी पान पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाले, “नुसती सूचना एका ओळीत जाईल, कुणी वाचणार नाही. हकीकत असली तर वाचतील. पण घरच्यांची संमती पाहिजे. पतीची सही आण. शुक्रवारपर्यंत.”

गुरुवारी मी मोहन्याला गेलो. भाऊजी दुपारचे घरी असतात. त्यांनी गॅसवर चहा ठेवला आणि विचारलं, “कसली सही? पेन्शनचं काही आहे का?”

“नाही. बसा जरा.”

मी सगळं सांगितलं. सुरुवात रक्तपेढीतल्या बाईंपासून केली. त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणालो. पाच दिवस, तीन महिने. लेखी द्या. मधे त्यांनी थांबवलं नाही, म्हणून मी जास्तच बोलत गेलो. रजिस्टरचं पान सांगितलं, टेंभी नाका सांगितला. ‘येतायत’ सांगितलं. ‘औषध लागू पडत होतं’ हेही सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं, हे मला वाक्य पुरं व्हायच्या आधी कळलं.

भाऊजी भिंतीकडे बघत होते.

“तुला त्याच दिवशी सांगितलेलं तिनं?” त्यांनी विचारलं. “त्या बाईनं? आम्ही आत जायच्या आधी?”

“हो.”

“मी कुठं होतो?”

“तुम्ही फॉर्म भरत होतात. पहिला नंबर तुमचा होता.”

“मग किती जण ठेवायला पाहिजे होते मागे?”

मी हा हिशोब इतक्या वेळा केला होता की उत्तर लगेच आलं, आणि त्या लगेच येण्याची मला लाज वाटली. “चार-पाच जणांनी द्यायचं होतं. बाकीच्यांनी थांबायचं.”

“म्हणजे तू मला परत पाठवलं असतंस? बायको वर झोपलीय आणि मला म्हणाला असतास, भाऊजी, आज तुम्ही नको?”

“तुम्हाला सगळ्यात आधी. घरचा माणूस शेवटी लागतो. तो कधीही हाकेला येतो.”

ते हसले असं वाटलं, पण ते हसणं नव्हतं. “मी नसतं ऐकलं,” ते म्हणाले. “तू असं म्हणाला असतास, तर तुझं थोबाड फोडलं असतं तिथंच.” मग खूप वेळानं, “पण तू म्हणायचं होतंस.”

चहा उतू गेला. दोघांपैकी कुणी उठलं नाही. गॅस आपोआप विझला, तेव्हा त्यांनी जाऊन बटण बंद केलं, हात पुसले आणि पेन मागितलं. कागद त्यांनी वाचला नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद माझ्याकडे न देता टेबलावर ठेवला.

“आता जा तू,” ते म्हणाले.

टिपण गेलं. तक्त्यात ‘पुरेशी’च्या खाली लहान अक्षरात ‘सोबत जोडपत्र पाहावे’ असं मी स्वतः टाईप केलं. वर कुणी ते पाहिलं का, मला माहीत नाही. धोरणाचा अंतिम कागद अजून आमच्याकडे आलेला नाही. आला की मी तो पहिल्या पानापासून वाचणार आहे.

भाऊजी आता मला धन्यवाद देत नाहीत. स्टँडवर माझ्याबद्दल कुणाला काही सांगतही नाहीत. संध्याकाळी कल्याणला उतरून मी रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. माझा नंबर येतो तेव्हा कधी कधी पुढची गाडी त्यांची असते. ते आरशातून बघतात. मी मागच्या माणसाला म्हणतो, “तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.”